यंदा आमची पाचवी

"यंदा आमची पाचवी आहे हो. त्यामुळे कुठे येणं-जाणं नाही."

परवा लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला सांगितलं. वय बेचाळीस. डोक्यावर पौर्णिमा, खांद्याला लॅपटॉप, हातात दुधाची पिशवी. पाचवीत बसत असल्याची एकही खूण अंगावर नव्हती.

चेहरा तेवढा पाचवीतला होता. गृहपाठ न झालेल्या मुलाचा.

दिवाळी आटोपली की असे प्रौढ विद्यार्थी जिन्याजिन्यात भेटू लागतात. 'आमचं वर्गीकरण झालं, समसंबंध चालू आहे.' 'आमचं गणित पक्कं आहे हो, इंग्रजीच घात करतंय.' 'आमचे साठ पेपर सोडवून झाले.' मूल कुठंय, असं विचारलं तर ते आत असतं.

त्याचं काय एवढं? त्याला फक्त पेपर द्यायचाय.

परीक्षा म्हणजे अर्थातच स्कॉलरशिप. सरकारी नाव 'पूर्व उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षा'. हे नाव जो मुलगा एका दमात, न अडखळता म्हणून दाखवेल, त्याला शिष्यवृत्ती तिथल्या तिथे देऊन टाकावी असं माझं जुनं मत आहे.

पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पेपर दोन. प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. एकात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. भागाकार करा. एका प्रश्नाला ७२ सेकंद.

७२ सेकंदांत आपल्याला रिक्षावाल्याला द्यायचे सुट्टे सापडत नाहीत.

ही परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ पासून ती पाचवीला आणि आठवीला गेली. का गेली, ते विचारू नका. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच. परीक्षा पाचवीला सरकली आणि जे गुरुजी वर्षानुवर्षं पहाटे जादा तास घेऊन पोरं बसवत होते, त्यांच्या हातातून पोरंही गेली आणि परीक्षाही. मग २०२५-२६ पासून ती परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं. सांधा बदलायच्या त्या वर्षात चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही इयत्तांना परीक्षा.

चूक लक्षात यायला सरकारला नऊ-दहा वर्षं लागली. ७२ सेकंदांची अट फक्त पोरांना.

मिळतं काय? २०२३ मध्ये रक्कम वाढवली. पाचवीला वर्षाला ५,००० रुपये झाले, आठवीला ७,५००. आधी पाचवीला जास्तीत जास्त १,००० होते, तेव्हा वाढ घसघशीत म्हणायची. रोजचा हिशेब काढला तर पाचवीतल्या हुशारीचा भाव निघतो १३ रुपये ७० पैसे.

वडापाव येत नाही. नुसता पाव येतो.

आणि त्या पावासाठी घरात काय काय येतं? दोन मार्गदर्शिका, चार सराव संच, एक ऑनलाइन टेस्ट सिरीज, शनिवार-रविवारचा क्लास, आणि क्लासमध्ये जे कळलं नाही ते समजावणारा दुसरा क्लास. विचारलं की ठरलेलं उत्तर: "पैशासाठी नाही हो. अनुभवासाठी."

कोणाच्या अनुभवासाठी, ते विचारायचं नसतं.

तर लिफ्टमधल्या त्या गृहस्थांच्या घरी मी डबा परत द्यायला गेलो. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणून आत थोडा चिवडा होता. दार वहिनींनी उघडलं. तोंडावर बोट ठेवूनच.

"या भाऊजी, बसा. फक्त आवाज नको. आमचा पेपर चालू आहे."

टीव्हीवर चादर घातलेली. आजोबा आतल्या खोलीत मोबाइलवर आवाज बंद करून बातम्या बघत होते. (हल्लीच्या बातम्या अशाच बघाव्यात, पण तो वेगळा विषय.) जेवणाच्या टेबलाशी, दोन उश्या घातलेल्या खुर्चीवर अथर्व. नाव बदललेलं आहे. आमच्या इमारतीत तीन अथर्व आहेत, त्यामुळे बदललं नसतं तरी पत्ता लागला नसता.

जीभ बाहेर काढून तो उत्तरपत्रिकेतला एक गोल रंगवत होता. कडेला जरा पांढरं राहिलं की परत पेन फिरवायचा. समोर मोबाइलवर वेळ पळत होता आणि ओट्यावर कुकर. तिसऱ्या शिट्टीला वहिनी आत गेल्या, तेव्हा मी प्रश्न वाचला. 'आरशात घड्याळ पाहिले असता सव्वातीन वाजल्यासारखे दिसतात, तर प्रत्यक्षात किती वाजले असतील?'

"आरसा आणतोस का? बघू आपण," मी म्हटलं.

अथर्वनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "आरसा नाही लागत, काका. अकरा साठमधून वजा करायचं."

अकरा साठ! अशी वेळ कुठल्या गावात होते? पण होते. ११:६० वजा ३:१५. उत्तर ८:४५. पाच सेकंदांत गोल रंगला.

"शाब्बास. म्हणजे किती वाजले?"

"आठ पंचेचाळीस."

"ते झालं रे. म्हणजे किती?"

"आठ पंचेचाळीसच."

पावणेनऊ हा शब्द त्याच्या गावीही नव्हता. मग मी, खवचटपणाच म्हणा, विचारलं, "बरं, आत्ता किती वाजलेत?" त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं. मग आईच्या मोबाइलकडे पाहिलं. मोबाइलवर नुसते सेकंद पळत होते. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. "अथर्व, टाइमपास नको. अजून एकोणीस राहिलेत."

घरात आरसे तीन. एकाचंही या परीक्षेत काही काम नाही.

गंमत अशी की या बुद्धिमत्तेच्या पेपराचा अख्खा अभ्यासक्रम घरातच पसरलेला असतो. आरसा, घड्याळ, कॅलेंडर, फासे, नाती, दिशा. ज्यानं कोणी तो ठरवला त्यानं बहुधा एखाद्या चाळीच्या गॅलरीत बसूनच यादी केली असावी. आणि आपण काय करतो? पोराला त्या घरातून उठवतो, खुर्चीवर बसवतो आणि त्याच घराची चित्रं पुस्तकात दाखवतो.

नात्यांचं घ्या. 'फोटोतल्या स्त्रीकडे बोट दाखवून सुनील म्हणाला, हिच्या आईचा एकुलता एक मुलगा माझे वडील आहेत.' ती स्त्री सुनीलची कोण? आत्या. पोरं झोपेत सांगतात. आणि खरी आत्या नाशिकहून बाकरवडी घेऊन आली की तिला दारातच सांगतात, हळू बोल, आमचा पेपर चालू आहे.

आत्या फोटोतच बरी.

कॅलेंडरचं घ्या. स्वयंपाकघरात १९७३ पासून पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आलेलं कालनिर्णय लटकतंय. त्यावर आईनं दुधाचे खाडे मांडलेत, गॅस कधी लावला ते लिहिलंय, संकष्टीला गोल केलाय. महिन्याचे ३१, खाडे ४, रोज दीड लिटर. गणिताचा पेपर भिंतीवर टांगलेला आहे. पण तो आईनं सोडवायचा. पोरानं सोडवायचा तो पान ११२ वरचा, '१५ ऑगस्टला शुक्रवार असेल तर...'

पुस्तकातल्या दूधवाल्याचं बिल कधीच द्यावं लागत नाही.

फासे. दोन समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात, हे पाठ. लुडो मोबाइलवर. मोबाइलमधल्या फाशाला मागची बाजूच नसते.

दिशा. 'माधव उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, तो काटकोनात उजवीकडे वळला, पाच मीटर चालला.' या माधवाची मला नेहमी दया येते. बिचारा वर्षानुवर्षं चालतोय आणि पोचत कुठेच नाही. पण आमच्या पोरांना माधवाची पूर्व बिनचूक कळते. स्वतःच्या खिडकीत ऊन सकाळी येतं की संध्याकाळी, हे सांगता येत नाही. खिडकीला पडदा असतो. अभ्यासात लक्ष राहावं म्हणून.

झाडं. 'शंभर मीटर रस्त्यावर दर दहा मीटरला एक झाड, दोन्ही टोकांना धरून एकूण झाडं किती?' अकरा, हे पोरं बरोबर सांगतात.

आमच्या रस्त्यावर उत्तर शून्य. रुंदीकरण झालं.

भाषेचा पेपर तर विचारूच नका. समूहदर्शक शब्द. मडक्यांची उतरंड, गवताची पेंढी, लाकडांची मोळी, मेथीची जुडी. अथर्व धडाधड म्हणून दाखवतो. उतरंड त्यानं पाहिलेली नाही, ते एक ठीक. पण मेथी? ती दहा मिनिटांत ॲपवरून येते, निवडून, प्लॅस्टिकच्या पाकिटात. 'मेथीचं पाकीट' हा पर्याय परिषदेनं अजून दिलेला नाही.

सांकेतिक भाषेवर मात्र आमच्या अथर्वचं प्रभुत्व आहे. मी निघालो तेव्हा खोलीत त्याची धाकटी बहीण टॅब बघत होती. वहिनी तिकडे वळल्या आणि हा टेबलावरून ओरडला, "चईआ चलीआ!" टॅब उशीखाली गेला. च-ची भाषा! आई आली. एका सेकंदात संदेश तयार झाला, पोचला, उलगडला आणि अंमलातही आला.

त्याबद्दल त्याला गुण मिळाले नाहीत. धपाटा मिळाला.

आता गोलांकडे येऊ. उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. गोल पूर्ण भरायचा, बॉलपेननं भरायचा, एकदा भरला की बदलायचा नाही. यंत्राला खाडाखोड कळत नाही. पोरं अर्थात खाडाखोड करतच शिकतात, पण यंत्राला ते कोण सांगणार? म्हणून आता घरोघर गोल रंगवण्याचाही सराव. दहा गोल, तीस सेकंद, लाव वेळ. आमच्या वेळी रांगोळीचे ठिपके होते. त्यात निदान शेवटी काहीतरी चित्र तरी दिसायचं.

आणि आता एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच घरांना माहीतच नाही असं त्यांच्या वागण्यावरून वाटतं. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

परिषद कापत नाही. घरी कापतात. तीन प्रश्न चुकले, क्रिकेट बंद. पाच चुकले, टीव्ही बंद. दहा चुकले, नाताळच्या सुट्टीत आजोळ बंद.

आठवीच्या पेपरात त्याहून मजा. तिथे २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन-दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर असू शकतात, हे खुद्द शासनानं मान्य केलेलं आहे. लेखी. घरी दुसरं उत्तर दिलं की त्याला उलटून बोलणं म्हणतात.

पेपर होतो. फेब्रुवारीतला रविवार, कुठल्यातरी हायस्कुलाचं फाटक, फाटकाबाहेर स्कूटरींची रांग. पोर बाहेर येतं. त्याला लघवीला लागलेली असते आणि भूक लागलेली असते. त्याला विचारतात, "किती सुटले?"

अ संच होता की ब? शेवटून चौथ्या प्रश्नाचं काय लिहिलंस? तीन? तीन कसं येईल? अहो, ऐका, याच्या सेटला तीन आहे म्हणतोय. तुमच्याकडे काय आलंय?

तुमच्याकडे! फाटकाबाहेर पुन्हा पाचवीचा वर्ग भरतो. सगळे चाळिशीचे. आणि पाचवीतला मुलगा कडेला उभा राहून वडापाव खात असतो. शिष्यवृत्तीच्या रकमेत न बसणारा.

मग अंतरिम उत्तरसूची लागते. परिषद म्हणते, ही आमची उत्तरं, कोणाला हरकत असेल तर कळवा. हरकती येतात. तज्ज्ञ बसतात. मग अंतिम उत्तरसूची लागते आणि तिच्यात काही उत्तरं बदललेली असतात, एखादा प्रश्नच रद्द झालेला असतो. पद्धत उत्तम आहे. माझी काही तक्रार नाही.

फक्त एक बघा. प्रश्न काढणाऱ्या तज्ज्ञांना चुकायला परवानगी आहे, चूक सुधारायला मुदत आहे, त्यासाठी रीतसर प्रक्रिया आहे. दहा वर्षांच्या अथर्वला नाही. आणि हरकत नोंदवायला रात्री साडेअकरापर्यंत जागतं कोण? ज्यानं त्याच प्रश्नावरून दुपारी पोराला झापलं, तोच बाप.

मग निकाल. इथे दोन शब्द आहेत. दोन्ही पेपरांत किमान ४० टक्के मिळाले की मूल 'पात्र'. त्यातून गुणवत्तेनुसार जे वर येतात ते 'शिष्यवृत्तीधारक'. राज्यात बसतात लाखोंनी आणि पाचवीचे शिष्यवृत्ती संच सोळा हजारांच्या घरात. म्हणजे पात्र ठरलेल्यांतल्या बहुतेकांच्या हाती काही पडायचं नाही, हे आधीच ठरलेलं आहे. हे गणित तर पाचवीचंच.

तरी निकालाच्या दिवशी जिन्यात ऐकू येतं, "आमचं गेलं. नुसता पात्र आहे."

नुसता पात्र! बेचाळीस वर्षांत आपण स्वतः कशाकशाला पात्र ठरलो, एकदा यादी करावी.

ज्यांचं 'आलं' त्यांचे फ्लेक्स लागतात. चौकात एका दादांच्या वाढदिवसाखाली आपला गणवेशातला गुणवंत. पुढच्या चौकात तोच गुणवंत दुसऱ्या क्लासच्या फ्लेक्सवर. स्टँडजवळ तिसऱ्या. एका पोराला तिन्ही क्लासेसनी घडवलेलं असतं.

शाळेचं नाव शोधा. सापडलं तर मला कळवा.

आता जरा दुसरीकडे बघू. शाळेच्या पालकसभेत एक वाक्य हमखास असतं: 'घरी तयारी करून घ्या.' छान वाक्य आहे. त्यात एक घर गृहीत धरलेलं आहे. त्या घरात टेबल आहे, टेबलाशी आई आहे, आईला समसंबंध येतात आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांइतका तिला वेळ आहे.

बीड जिल्ह्यातल्या किती गावांत दिवाळीनंतर हे घर असतं? आई-बाप कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या पट्ट्यात गेलेले. येणार ते हंगाम सरल्यावर, गुढीपाडव्याच्या आगेमागे. परीक्षा फेब्रुवारीत. पोरगी आजीजवळ. आता आजीनं 'घरी तयारी' करून घ्यायची.

बरं, आजीला काय कमी येतं? चांदणी बघून पहाट सांगते, वाऱ्यावरून दिशा, बोटांच्या पेरांवर तिथी. सात गावांतली नाती, चुलत-मावस-आतेसकट, ७२ सेकंदांच्या आत. बुद्धिमत्तेचे ५० प्रश्न तोंडी विचारा, म्हातारी शिष्यवृत्ती घेऊन जाईल.

पण गोल रंगवता यायला हवा.

त्या पोरीला मग शाळेतले गुरुजीच उरतात. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सतरंजी, गुरुजींचाच मोबाइल, गुरुजींच्याच पैशांनी काढलेल्या झेरॉक्स. तिच्या घरी वर्षाचे ५,००० रुपये म्हणजे वह्या आणि पायात चप्पल. खरं तर ही परीक्षा तिच्यासाठी आहे. ती आणि अथर्व एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच पेपर सोडवतात. यालाच समान संधी म्हणतात.

समसंबंध ओळखा.

माझं काय झालं, असं कोणी विचारेल, म्हणून सांगून टाकतो. मी चौथीला बसलो होतो. घरी नवं गाईड घ्यायची पद्धत नव्हती. मामेभावाचं आलं, कव्हर गेलेलं, वरणाचा डाग पडलेलं. त्यानं सगळी उत्तरं शाईनं खुणावून ठेवली होती. मला वाटलं, नशीब उघडलं. प्रश्न वाचायचे, खूण बघायची, मान हलवायची. दोन महिन्यांत पुस्तक संपलं. माझी तयारी बघून घरचे थक्क होते.

परीक्षेत मी आपटलो. निकालानंतर कधीतरी मामा बोलता बोलता म्हणाले, "आमच्याचीही गेल्या वर्षी अशीच बोंब झाली होती." खुणा अर्ध्याअधिक चुकीच्या होत्या. तयार उत्तरांवर भरवसा ठेवू नये, एवढं मात्र त्या गाईडनं मला कायमचं शिकवलं. त्याची किंमत, दुसऱ्या हाताची, शून्य रुपये.

हल्ली तेच शिकायला टेस्ट सिरीज लावतात. आणि तरी शिकत नाहीत.

मग घरी तयारी करूच नये का? करावी की! कोण नको म्हणतंय? जुन्या प्रश्नपत्रिका परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट असतात. आठवड्याला एक पुरे, साठ नकोत. पोर चुकलं तर उत्तर सांगू नका, 'तू हे कसं काढलंस' एवढं विचारा आणि गप्प बसा. दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अवघड आहे. आरशाचा प्रश्न आला तर आरसा आणा. दुधाचं बिल त्याला काढू द्या. चुकलं तर दूधवाला सुधारून देईल, त्याच्याकडे हरकती घ्यायला मुदतही नसते. आत्या आली तर पेन खाली ठेवू द्या.

आणि 'आमची पाचवी' म्हणणं बंद करा. तुमची झाली. जशी व्हायची तशी झाली.

हे सगळं मी लिफ्टमधल्या गृहस्थांना सुनावायचं ठरवलं होतं. परवा पुन्हा डबा आला (आमच्या दोन घरांत हे सरकारी फायलीसारखं चालू असतं), पुन्हा मी परत द्यायला गेलो. संध्याकाळचे सात वाजून गेले असतील. अथर्व टेबलाशी. गोल चालू. मी घड्याळाकडे पाहिलं.

सव्वातीन.

"अथर्व, हे घड्याळ..."

"बंद आहे, काका," मान वर न करता तो म्हणाला. "दिवाळीपासून."

म्हणजे त्या दिवशी मी वेळ विचारली तेव्हा भिंतीवरून नजर काढून तो मोबाइलकडे वळला, ते घड्याळ वाचता येत नाही म्हणून नव्हे. मला ते कळलं नव्हतं. तीन महिने त्याच्याखाली बसून वेळ लावणाऱ्या त्याच्या आईलाही नाही, बापालाही नाही.

वहिनी, एक पेन्सिल सेल लागतो त्याला. पंधरा-वीस रुपयांना मिळतो, खालच्या दुकानात. अथर्वलाच पाठवा.